गिधाडं कोणत्या साली गेली?

वन्य प्राणी कमी होत चाललेत, असं आमच्या जुन्नर-आंबेगावात कुणाला सांगून बघा. समोरचा आधी तोंडाकडं बघेल, मग हसेल. "कमी? या की एकदा रात्री मळ्यात. जाताना दोन घेऊन जा." त्याचं हसणं खोटं नसतं. उसाला तोड आली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, दिवस मावळला की वस्तीवरची पोरं लोखंडी जाळीच्या आत घेतली जातात, आणि दूध घालायला डेअरीवर निघालेला माणूस गाडीचा हॉर्न उगाच वाजवत जातो. अशा ठिकाणी पर्यावरणाचं संकट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काय नाहीसं झालं ते येत नाही, काय वाढलं ते येतं.

आम्ही भावंडं मात्र या बाबतीत अडचणीत सापडलेली पिढी. चुलत, आते, मावस धरून मोठी पलटण होतो. थोरल्यांना ७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलो आठवतो, धाकट्यांना त्याची नुसती गाऱ्हाणी ऐकून माहीत. मीना नदीच्या काठचं आमचं गाव. आमच्या लहानपणी तिथं बिबट्या नव्हता आणि गिधाडं होती. आता गिधाडं नाहीत आणि बिबट्या आहे. एकाच हयातीत, त्याच शिवारात ही अदलाबदल आम्ही पाहिली. पाहिली म्हणतो खरं, पण बिबट्या आला ते पाहिलं. गिधाडं गेली ते कुणीच पाहिलं नाही.

तेव्हाचं शिवार कोरडवाहू. बाजरी, मटकी, हुलगा, विहिरीला पाणी टिकलं तर थोडा गहू-कांदा. बांध रुंद होते, बांधावर बोरी, बाभळी, निवडुंग. खळ्यावर रास पडली की राखणीला आम्ही पोरं आजोबांबरोबर उघड्यावर झोपायचो. भीती होती ती विंचवाची, फुरशाची आणि ओढ्यातल्या भुताची. धनगरांची मेंढरं शेतात बसायला आली की पाठोपाठ लांडगा यायचा, पण त्याचं वैर मेंढरांशी. वाघ म्हणजे आत्याकडचा. आत्या दिली होती घोडेगावच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगराकडं. तिच्या शेजारी महादेव कोळ्यांच्या वस्त्या. दिवाळीच्या तोंडावर तिथली गुराखी मुलं वाघबारस करायची, शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडापुढं नैवेद्य व्हायचा. आम्ही सुट्टीला गेलो की आत्या सांगायची, "त्याचं त्याला दिलं की तो आपल्या वाटंला जात नाही." आम्हाला ते डोंगरातल्या लोकांचं काहीतरी वाटायचं. पायथ्याच्या माणसाला डोंगरातल्या माणसाचं शहाणपण नेहमीच उशिरा कळतं.

चिमण्यांबद्दल मात्र आमच्या पिढीनं जरा जपून बोलावं. आज आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २० मार्चला चिमणी दिनाची चित्रं पडतात, कुणी लाकडी घरटं टांगल्याचा फोटो टाकतो, अक्का डोळ्यांत पाणी आलेली बाहुली पाठवते. हीच अक्का बाजरी निसवली की माच्यावर उभी राहून गोफणीनं चिमण्या हाकायची आणि आमच्यात तिचाच नेम पक्का होता. चिमणी म्हणजे तेव्हा चोर. घरात ती तसबिरीमागं काड्या कोंबायची, आरशावर चोची मारायची, वळचणीतून पिलू पडलं की आजी ओरडायची, "हात लावू नका, आई घेणार नाही परत." जुनं कौलारू घर पाडून स्लॅब टाकला, खळं गेलं, बाजरीही गेली. वळचणच उरली नाही तर चिमणी काय विजेच्या मीटरवर संसार मांडणार? पण आमच्या घरातून गेली म्हणजे देशातून गेली असं नाही. २०२० साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर पहिला मोठा अहवाल निघाला, त्यात चिमणी देशभराचा विचार करता साधारण स्थिर आहे, मोठ्या महानगरांत मात्र घटली आहे, असं निघालं. नारायणगावच्या बाजारात दुकानाच्या शटरच्या खोबणीतून ती आत-बाहेर करताना दिसते, तीही मजेत.

त्याच नोंदींवरून हेही दिसतं की ज्यांच्यासाठी कुणी चित्रं पाठवत नाही त्यांचंच जास्त वाईट झालंय. २०२३ च्या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या साठ टक्के जाती घटलेल्या होत्या. माळरानावरचे, शिकारी, मेलेलं खाणारे, हे त्यात पुढं. म्हणजे गिधाड.

गिधाडांचं आम्हा सगळ्यांना आठवतं, आणि प्रत्येकाला वेगळं आठवतं. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या वळणावर हाडवळ होती. बैल, म्हैस, गाय मेली की तिथं ओढून टाकायची. सकाळी टाकलं तर दुपारपर्यंत आभाळात एक ठिपका, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतके. एकदा उतरायला लागली की पंखांचा असा आवाज व्हायचा की शाळेत बसलेल्या पोरांचं लक्ष उडायचं. भांडत, फिस्कारत, एकमेकांच्या अंगावर चढत खायची. पोट इतकं भरायचं की लगेच उडता यायचं नाही. आम्ही मागं लागलो की बेढब उड्या मारत पळायची, मग कशीबशी हवेत. संध्याकाळी तिथं नुसता सांगाडा. वास येतोय असं कुणी म्हटलेलं आठवत नाही. आई आम्हाला तिकडं जाऊ द्यायची नाही, म्हणून आम्ही जायचो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण असल्या आठवणींतून ती हमखास गळते. जनावर हाडवळीवर आपोआप जात नव्हतं. ते ओढून नेणं हे पिढ्यान् पिढ्या महारवाड्यातल्या माणसांवर लादलेलं काम होतं. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेलं जनावर खाणं सोडा म्हणून सांगितलं, गावोगाव लोकांनी ही कामं नाकारली. पुढं १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली. आमच्या गावातही आमच्या आजोबांच्या देखत ते काम बंद पडलं, आणि मग घरचीच माणसं दोर लावून, दुसऱ्या बैलांना जुंपून जनावर ओढायला लागली. आजोबा त्याबद्दल कुरकुर करायचे. आम्ही "ते जुने दिवस" म्हणून उसासा टाकतो तेव्हा त्या दिवसांत दोराला कोण होतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग दुधाचे दिवस आले. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला, गोठ्यात गावठी गायीच्या जागी जर्शी आली. ही गाय दूध देई तसं औषधही मागे. सड सुजला, पाय धरला, वासरू अडलं की डॉक्टरला फटफटीवरून आणायचं. इंजेक्शन दिलं की तासाभरात गाय उभी. आजी त्या डॉक्टरला धन्वंतरी म्हणायची. १९९० नंतरच्या त्या वर्षांत डायक्लोफिनॅक हे माणसांच्या सांधेदुखीवरचं औषध गोठ्यातही स्वस्त झालं. दुखणं थांबवायचं ते काम त्यानं चोख केलं. पण औषध दिलेलं एखादं जनावर वाचलं नाही आणि गिधाडांनी खाल्लं, की ते औषध त्यांच्या मूत्रपिंडात जायचं. रक्तातलं युरिक आम्ल बाहेर पडेना, आतड्यांवर, काळजावर पांढरा थर चढायचा आणि दोन-तीन दिवसांत पक्षी मान टाकायचा. हे उकललं २००४ साली, पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी करून. त्याआधी रोगाची साथ असेल, कीटकनाशक असेल, असे अंदाज चालले होते. सगळ्यात भयंकर भाग हा की शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकात, किंबहुना एकापेक्षाही कमीत हे औषध असलं तरी एवढा ऱ्हास व्हायला पुरेसं होतं. एका गायीवर पन्नास गिधाडं जेवतात आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. हिशेब कुठं जाणार ते दिसतंच. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात हजारात एक उरली. लांब चोचीची, सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारी, शंभरातली तीन उरली.

२००६ साली सरकारनं जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या म्हणून २०१५ मध्ये बाटली तीन मिलिलिटरवर आणली. मेलॉक्सिकॅम नावाचं गिधाडांना न बाधणारं औषध तेवढंच गुणकारी आहे, आता तेही वापरतात. पण ही सगळी धावपळ सुरू झाली तेव्हा आमच्या हाडवळीवर उकिरडा होऊन झाला होता.

आणि कुणालाच काही वाटलं नाही, हे आम्हाला आता राहून राहून नवल वाटतं. बिबट्यानं एक शेळी नेली तर चार गावांत बोभाटा होतो. हजारो गिधाडं गेली तर पोलीस पाटलाच्या कानावरसुद्धा गेलं नाही. आजी एकदा एवढंच म्हणाली, मेलेली कालवड तीन दिवस तशीच पडून वास सुटला तेव्हा: "आता गिधाडंबी येईनात का काय?" आम्ही नाकाला पदर-रुमाल लावून हसलो.

तीन दिवस पडलेल्या त्या कालवडीवर कुत्री जमली. पुढच्या जनावरावर आणखी जमली. देशभर हेच झालं. गिधाडं गेल्यानं मेलेली जनावरं कुजत राहिली, पाणी नासलं, कुत्री आणि त्यांच्याबरोबर रेबीज वाढला. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली छापलेल्या अभ्यासात २००० ते २००५ या पाच वर्षांत त्यामुळं भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली असावीत, असा हिशेब मांडला. गिधाडाला आपल्याकडं शिवी म्हणून वापरतात. पाच लाख जिवांचं काम ते फुकट करत होतं.

कुत्र्यांचा धागा पकडून बिबट्यापर्यंत जाता येतं. आमच्या उत्तरेला, डोंगराच्या पलीकडं अकोले तालुका. तिथल्या उसाच्या पट्ट्यात बिबटे काय खातात याचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी जवळजवळ चाळीस टक्के कुत्र्यांचं निघालं. गिधाडांच्या वाट्याच्या मांसावर कुत्री माजली आणि कुत्र्यांवर बिबटे पोसले, अशी सरळ साखळी आमच्या तालुक्यात कुणी सिद्ध केलेली नाही. हा आमचा आपला घरगुती तर्क. दादाला तो मुळीच पटत नाही. त्याचं म्हणणं, "कुत्र्याचं सोड, ऊस नसता तर बिबट्या लपला असता कुठं?"

तेही खरं. कुकडी प्रकल्पातली येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं झाली, कालव्याला पाणी आलं आणि बाजरी हद्दपार झाली. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे साखर कारखाने उसाला हाका मारायला लागले. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव आणि आदिवासींची भातखाचरं गेली. शाश्वत संस्थेच्या साथीनं ती माणसं धरणाच्या गाळपेरावर पीक घेण्याचा आणि जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं झगडली. आमच्याकडं त्याच पाण्यानं सोनं पिकवलं. दोघी बहिणींची लग्नं, एकाचं इंजिनिअरिंग, हा स्लॅब, सगळं उसाच्या बिलातून. वर्षभर उभा राहणारा, माणसाच्या दुप्पट उंचीचा, आत गारवा आणि काठाला पाणी असलेला तो फड. बिबटिणीला बाळंतपणाला याहून चांगली जागा भीमाशंकरच्या अभयारण्यातही मिळायची नाही.

२००१ पासून दोन-तीन वर्षं जुन्नरचं नाव रोज पेपरात असायचं. शेळी आत बांधून पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले आणि दूर डोंगरात नेऊन सोडले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढं बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की ही धरपकड सुरू होण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, सुरू झाल्यावर सतरा. अनोळखी मुलखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर आपलं घर शोधत फिरतं. २००९ साली पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तर गडी सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं, त्याच्यावर सिनेमाही निघाला. वाटेत त्यानं कुणाला नखही लावलं नाही. माणिकडोहला बिबट्या निवारण केंद्र झालं ते याच गदारोळात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना शिवनेरी-लेण्याद्रीच्या जोडीला तेही ठाऊक असतं.

पण या सगळ्या ज्ञानानं रात्रीची भीती कमी होत नाही. शेतीला वीज रात्रीची असली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं, बॅटरी आणि काठी घेऊन. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच वनविभागातल्या, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला, बिबट्याला गोळी घातली गेली, आणि बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जायला लागल्या. अशा बाईपुढं जैवविविधतेवर बोलायचं असेल तर आधी तिला दिवसाची वीज मिळवून द्यावी. आमच्यातला कुणीही शहरात बसून याहून वेगळं बोलला तर आम्ही त्याला ग्रुपवर गप्प करतो.

धाकट्या भावाची मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. तिनं आम्हाला डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाचं एक म्हणणं सांगितलं. १९९५ साली त्यानं लिहिलं की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी समुद्रात जेवढे मासे होते तेवढे म्हणजे पूर्वीपासूनचे, असं धरून चालते आणि घट तिथून मोजते. त्याआधीची घट तिच्या हिशेबातच येत नाही. हे ऐकून आम्ही मुकाट झालो, कारण ते आमच्या ओसरीवर रोज घडत होतं. तिच्या भावाच्या लेखी बिबट्या शिवारात पहिल्यापासून आहे आणि गिधाड हा नॅशनल जिओग्राफिकवरचा पक्षी. आमच्या लेखी गिधाडं पहिल्यापासून होती. आजीच्या लेखी काय काय पहिल्यापासून होतं, ते आम्ही विचारलंच नाही. आणे पठाराकडं तिचं माहेर. तिथल्या माळावरच्या कुठल्याशा मोठ्या पक्ष्याबद्दल ती काहीतरी सांगायची, तुरा होता की मान उंच होती, आम्हाला धड आठवत नाही.

पुतणीनंच मग आकड्यांचं नीट समजावलं. १९७० पासून वन्य प्राण्यांत ७३ टक्के घट, असा २०२४ सालचा जो आकडा फिरतो, त्याचा अर्थ शंभरातले ७३ प्राणी मेले असा नाही. जगभरात ज्या हजारो ठिकाणच्या प्राण्यांवर लक्ष ठेवलं जातं, त्यांच्या संख्येत सरासरी तेवढी घट. सरासरीत एखाद्या जागी वाढही असते. दादानं लगेच मान डोलावली, "तीच वाढ आमच्याकडं पाठवलीय."

मागच्या दिवाळीत तिनं एक दोनशेपानी वही केली. चार रकाने: प्राणी, कुठं, कुणी पाहिला, शेवटचा कधी. लांडगा, तरस, खोकड, सायाळ, नदीतला वाम मासा, आग्या मोहोळ. आम्ही सगळे हौसेनं सांगायला बसलो आणि पहिल्याच पानावर, गिधाडावर, भांडण लागलं. आमच्यात सन कुणाला आठवत नाही, प्रसंग आठवतात. अक्का म्हणाली, "मोऱ्या बैल मेला तेव्हा होती. आणि मोऱ्या भूकंपाच्या वर्षी गेला." म्हणजे किल्लारीचा भूकंप, १९९३. दादा म्हणाला, "खोटं. युतीचं सरकार आलं त्या उन्हाळ्यात मळ्याच्या चिंचेवर दोन बसलेली मी स्वतः पाहिलीत." म्हणजे १९९५. धाकट्यानं १९९९ सांगितलं, तर सगळ्यांनी मिळून ती घार होती असं ठरवलं. पोरीनं लिहिलं: "१९९३ ते १९९५, वाद आहे." दादाला हे मान्य नाही. त्याचं म्हणणं वेगळ्या ओळीत, त्याच्या नावानिशी लिहायला लावलं.

पुढचं पान बिबट्याचं. "शेवटचा कधी" म्हटल्यावर पुतण्यानं मोबाइल काढला आणि गेल्या गुरुवारचा व्हिडिओ दाखवला. पोरीनं तो रकाना खोडला आणि तिथं "पहिला कधी" असं लिहिलं. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं: २००१, काकूच्या गोठ्यातली शेळी. काकू स्वयंपाकघरातून ओरडली, एक नाही, दोन होत्या, दुसरी गाभण होती, आणि भरपाई एकीचीच मिळाली, तेही लिहा.